तव्यातली खडखड

“आद्या, हात मागे! मागे म्हणते ना! स्क्रीनवर बोटं उमटली तर सगळ्या व्हिडिओचा सत्यानाश!”

धम्मप्रिया ओरडली आणि आदर्शनं निमूटपणे दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. बिचारा! दहा वर्षांचं पोर, समोर चटईवर मामानं आणलेला खोका, आणि हात पाठीमागे! भुकेल्या माणसाला पुरणपोळीचा नुसता वास द्यावा, तसं झालं ते.

खोक्यात होता हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी. म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच, पण मधे स्क्रीन आणि दोन्ही हातांना बटणं. अमरनाथमामा लातूरच्या कॉलेजात गणित शिकवतो. “सुट्टी लागली की तुम्हा दोघांना मिळून एक झकास वस्तू!” असं त्यानं गेल्या वर्षी कबूल केलं होतं. आज सकाळच्या एसटीनं तो नांदेडला आला, कपाळावर तीन पांढरे पट्टे मिरवणाऱ्या, सगळ्या नांदेडला ठाऊक असलेल्या वजिराबादेतल्या संगप्पा शेठच्या दुकानात खरेदी केली आणि रिक्षानं थेट रेल्वे क्वार्टर गाठलं. धम्मप्रियाचे बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते, म्हणून हे क्वार्टर.

धम्मप्रिया आठवी संपवून नववीत चालली होती. वर्गाच्या ग्रुपवर ती ‘पहिली नजर’ नावाचे व्हिडिओ टाकायची. नवीन पेन असो, सायकल असो, की कोपऱ्यावरच्या गाड्यावरची कचोरी असो, धम्मप्रियानं त्यावर पहिली नजर टाकली नाही असं व्हायचंच नाही. शूटिंग करायची शेजारची सुकन्या. आज सुकन्याचा चुलतभाऊ शिवमही आला होता. तो मुदखेडजवळच्या गावाहून आंब्याची पेटी घेऊन सुट्टीला आलेला.

“सुकन्या, तयार? एक, दोन, तीन!” धम्मप्रियानं घसा खाकरला. “नमस्कार मंडळी! ‘पहिली नजर’मध्ये तुमचं स्वागत! आज आपण उघडणार आहोत... अरेच्चा! मामा, याचं सील तर आधीच कापलेलंय!”

“मग! दुकानात चालू करून, बघून घेतलाय मी. मामा म्हणजे काय असातसा वाटला का?” मामा खुर्चीतून म्हणाला. त्याचे डोळे मात्र फोनमध्ये होते.

सील फोडायची मजा गेली म्हणून धम्मप्रिया जरा हिरमुसली, पण वस्तू हातात आली आणि ती हिरमोड विसरली. काळाभोर, गुळगुळीत, अंगठ्याखाली बरोबर बसणाऱ्या दोन जॉयस्टिक, पाठीमागे बोटांसाठी आणखी दोन बटणं! पण केवढा जड!

“मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे वजन. मला वाटलं फोनसारखा असेल. पण हा तर आमच्या आईच्या चपातीच्या तव्याएवढा भरतोय!”

“तवा! झालं बारसं!” शिवम खदखदून हसला.

मागं मोठा कूलर नुसता घरघरत होता. मे महिना, नांदेडचं ऊन, कूलर बंद ठेवायची कुणाची छाती! त्या आवाजात धम्मप्रिया ओरडून ओरडून बोलत होती.

“स्क्रीन एकदम टकाटक! रंग बघा, रंग! आतमध्ये विंडोज आहे, बाबांच्या ऑफिसात असतं तेच. पण अक्षरं मुंगीएवढी!”

“आमच्या आजोबाचा चष्मा आणू का?” शिवम म्हणाला.

“गप रे! आणि टाइप करायला गेलं की कीबोर्ड निम्मी स्क्रीन झाकून टाकतो. याला माझे दहापैकी पाच. बटणांना मात्र दहापैकी दहा. आता गेम सुरू करूया. सेटिंग-बिटिंग सगळं दुकानातूनच करून आलंय. ही बघा गाड्यांची रेस...”

खट्! लाईट गेली. कूलर घरघर करत थांबला.

“लाईट गेली!” सगळ्यांनी एका सुरात आरोळी ठोकली. मामानं टाळी वाजवली. “बघा, लाईट गेली तरी आपला तवा चालू! ही खरी गंमत!”

थोड्या वेळानं लाईट आली. व्हिडिओ संपला आणि आदर्शच्या हातांची एकदाची सुटका झाली. त्यानं तवा असा जपून मांडीवर घेतला, जणू तान्हं बाळच. दोन रेस खेळला आणि एकदम म्हणाला, “ताई, यात आधीच कुणीतरी खेळलंय! हा बघ ना, सगळ्यांत वर रेकॉर्ड आहे. नाव आहे ‘वजिराबादचा वाघ’!”

“कंपनीनं टाकलं असेल रे,” मामा फोनवरून मान न उचलता म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, कुठल्या परदेशी कंपनीला वजिराबाद ठाऊक असणार? पण मोठी माणसं! फोनमध्ये डोळे घातले की पुढ्यातला हत्तीही त्यांना दिसत नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हौसेनं तवा चालू केला. सकाळची वेळ, कूलर बंद, घर शांत. आणि त्या शांततेत आवाज आला, खड्! खडखड! खडखडखड! डब्यात शेंगदाणा टाकून हलवावा तसा. बघता बघता तवा खरोखरच तापला आणि फट्कन बंद पडला.

बाबांनी मान वळवून फक्त एकाकडे पाहिलं.

“आदर्श! काल रात्री शेवटी कुणाच्या हातात होता?”

“माझ्या. पण बाबा, मी काहीच...”

“भिंतीवरचं घड्याळ कुणी उघडलं होतं?”

“मी, पण...”

“इस्त्री? मिक्सर?”

“मिक्सर मी परत लावला होता!”

“लावला होतास, आणि तीन स्क्रू उरले होते! आता हा पाडलास का उघडलास, तेवढं सांग.”

“नाही हो बाबा! शप्पथ! फक्त खेळलो!”

बाबा आणि मामा दुकानात जाऊन आले. दोघांचीही तोंडं उतरलेली. संगप्पा शेठनं तवा कानाशी नेला, खडखड ऐकली आणि सांगितलं, पोरानं आपटलाय. आपटलेली वस्तू वॉरंटीत बसत नाही. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी!

“राहू द्या दाजी,” मामा म्हणाला, “संध्याकाळच्या गाडीनं मी लातूरला जातोच आहे. तिथं एका दुरुस्तीवाल्याला देतो. उघडून बघेल.”

बाबांनी तवा कपाटावर ठेवला. आदर्शचा स्क्रू खोलायचा लाडका पेचकस कपाटात टाकून कुलूप लावलं आणि ते ऑफिसला निघून गेले.

दुपारी आईनं आमरस केला. शिवमच्या शेतातले केशर आंबे, वर वेलची. एरवी आदर्श आमरसाची वाटी बोटानं निपटून काढायचा. आज त्यानं वाटी पुढे सरकवून दिली आणि कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसला.

धम्मप्रिया त्याच्याजवळ गेली. “आद्या, मला खरं सांग. मी बाबांना सांगणार नाही. पडला होता का तुझ्या हातून?”

आदर्शनं मान वर केली. डोळे काठोकाठ भरलेले.

“तुलापण तसंच वाटतं, ताई?”

बस, एवढंच म्हणाला. पण ते वाक्य धम्मप्रियाच्या असं काही जिव्हारी लागलं की तिलाही आमरस गोड लागेना. तव्याचं काय, आज ना उद्या दुरुस्त होईल. पण आदर्श खोटारडा ठरला, तो ठरलाच! लातूरचा दुरुस्तीवाला काही त्याचं नाव धुऊन देणार नव्हता. आणि एकदा तिथं तवा उघडला, की आत काय होतं हे इथं कुणाला कळणारच नव्हतं.

*

मन कशात लागेना म्हणून तिनं आईचा फोन घेतला, कानाला हेडफोन लावला आणि कालचा व्हिडिओ बघत बसली. कूलरची घरघर, तिचं ओरडणं, शिवमचं हसणं... आणि लाईट गेली. कूलर थांबला. सगळ्यांची आरोळी झाली. मामाची टाळी झाली. आणि मग...

खड्. खडखड.

धम्मप्रिया झटकन ताठ बसली! तिनं व्हिडिओ मागे घेतला, पुन्हा लावला. खड्. खडखड. अगदी स्पष्ट! तवा अजून तिच्याच हातात होता आणि मागं, चटईच्या टोकाला, आदर्श हात पाठीशी बांधून उभा होता!

“आई! आई गं! आद्यानं हात लावायच्या आधीपासून वाजतोय तो!”

आईनं ऐकलं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. “खरंच की गं! कूलरच्या आवाजात आपल्याला कुणालाच ऐकू आलं नाही.”

धम्मप्रियानं धावत जाऊन आदर्शच्या कानाला हेडफोन लावला. त्यानं ऐकलं आणि चेहऱ्यावर असं हसू फुटलं की विचारू नका! “चुकलं माझं, आद्या,” ती म्हणाली. “मी तुझ्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता.”

“जाऊ दे गं. आधी तव्याचं बघू.”

बाबांना फोन लावला. “मीटिंगमध्ये आहे, नंतर!” म्हणून त्यांनी ठेवूनही दिला. मामा आतल्या खोलीत घोरत होता. “मामा, ऊठ! पुरावा मिळाला!” धम्मप्रियानं गदागदा हलवलं. “हं... हं... तिथंच ठेव,” असं म्हणून मामानं कूस बदलली. घ्या! एक मीटिंगमध्ये, एक स्वप्नात!

“आई, तवा कपाटावरून काढू?”

आईनं क्षणभर विचार केला आणि स्वतःच काढून दिला.

तोवर सुकन्या आणि शिवम येऊन थडकले. चौघांनी ओट्यावर पेपर पसरला. शिवमनं टॉर्चच्या उजेडात तव्याच्या वरच्या बाजूला, गरम हवा जिथून बाहेर पडते त्या जाळीत एक डोळा घातला.

“आत कायतरी पांढरं दिसून राहिलंय. अन् एक लालबुंद दाणा हाय!”

“उलटा धर. हळू... झटक. जोरात नाही!” आदर्श आता पक्का मेकॅनिक झाला होता.

दोन-तीनदा झटकल्यावर पेपरवर एक छोटा लाल तुकडा टपकला. मागोमाग चिमूटभर पांढरट भुकटी.

“राख! आतून जळालाय!” आदर्श किंचाळला.

सुकन्यानं ती बोटावर घेतली आणि नाकाशी नेली. “जळाल्याचा वास कुठंय? हा तर चंदनासारखा येतोय. अरे, ही विभूती आहे! आमच्या आजोबांच्या देवघरात असते. आणि हा कुंकवात रंगवलेला तांदूळ. अक्षता!”

“म्हंजे याची पूजा झाल्ती!” शिवम म्हणाला. “आमच्या गावात नवा ट्रॅक्टर आला की पूजा झाल्याबिगर कुणी चावी लावत न्हाई. मागच्या साली तर मोटरपंपाला बी हार घातला आम्ही!”

“पण आमच्या घरी तर अशी पूजा करतच नाहीत,” धम्मप्रिया हळूहळू म्हणाली. “आम्ही नवीन वस्तू बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवतो, मेणबत्ती लावतो, हात जोडतो. कुंकू, अक्षता, विभूती, काही नाही. म्हणजे आमच्या घरी यायच्या आधीच कुणीतरी याला पूजलंय!”

“आणि खेळलंयसुद्धा!” आदर्शनं उडी मारली. “वजिराबादचा वाघ! मी कालच सांगत होतो!”

चौघांची डोकी जवळ आली. वजिराबाद... विभूती... कपाळावर तीन ठसठशीत पांढरे पट्टे...

“संगप्पा शेठ!” चौघंही एकदम ओरडले.

“चला, शेठला जाबच विचारू!” सुकन्यानं ओढणी कमरेला खोचली.

“छे! भांडलो की ते म्हणतील, पोरांनीच तांदूळ घातले,” आदर्श म्हणाला. “आपण भांडायचंच नाही. शिवमदादा, तू शेठला पूजेचं विचार. आणि वाघाला मी धरतो. रेकॉर्ड करणारा माणूस कधी गप्प बसत नसतो!”

धम्मप्रिया आपल्या भावाकडे बघतच राहिली. काल ज्याला ती चटईवरून हाकलत होती, तोच आज मोहिमेचा सेनापती झाला होता.

आईला सगळं सांगितलं. “जा, पण चौघं मिळून जा. आणि आवाज चढवायचा नाही,” आई म्हणाली. “तुमच्या मामाच्या तोंडावर मी तांब्याभर पाणी ओतते आणि तुमच्या बाबांना घेऊन मागोमाग येते.”

*

सुट्टीचे दिवस, त्यात कूलर-पंख्यांचा हंगाम. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्ल्यावर संगप्पा शेठ, कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर टॉवेल. पलीकडच्या टेबलावर ग्राहकांना हाताळायला म्हणून एक गेमिंग पीसी मांडलेला, अगदी तव्याचा जुळा भाऊ! त्याच्याजवळ बालाजी नावाचा सेल्समन उभा होता.

सुकन्याच्या पिशवीत तवा होता. दुकानाच्या पायरीवरच आदर्शनं तो चालू करून ठेवला होता. पण तो किती वेळ तग धरेल, कुणी सांगावं! आतून अजून बारीक खडखड येतच होती. कालच्या रिक्षाच्या धक्क्यांनी पंख्याकडे सरकलेला एखादा दाणा आत अडकलेलाच होता.

“काय रे लेकरांनो, काय पायजे?” शेठनं विचारलं.

“शेठ, आमच्या काकाला असा पीसी घ्यायचाय,” शिवमनं भोळा चेहरा केला. “पर आमची आजी म्हंती, पूजा न झालेली चीज घरात आणायची न्हाई.”

“वा! शहाणी हाय तुझी आजी!” शेठची कळी खुलली. “अरे, आपल्या दुकानात नवा माल आला की पहिल्या नगाची पूजा होतीच! ह्याचा पहिला नग पाडव्याला आला. म्या सोताच्या हातानं विभूती लावली, मूठभर अक्षता टाकल्या. हे बघ, फोटो हाय!” त्यांनी फोन काढून दाखवला. फोटोत तवा ताटात ठेवलेला, अंगावर अक्षतांचा सडा!

“अन् तो नग कुठंय आता?”

“ह्यो काय, समोर! पाडव्यापासनं लोकं हाताळून राहिले त्याला.”

धम्मप्रिया टेबलापाशी गेली. पाडव्यापासून हाताळलेला? स्क्रीनच्या कडेची पारदर्शक फिल्मसुद्धा अजून निघाली नव्हती! जाळीत ना विभूती, ना कुंकू. तिनं आदर्शला डोळ्यानंच खुणावलं.

आदर्श बालाजीजवळ सरकला. “काका, यात रेस खेळायची आहे. सगळ्यांत मोठा रेकॉर्ड कुणाचा?”

झालं! बालाजीच्या दुखऱ्या नसेवर बोट पडलं.

“काय सांगू बाबा तुला! माझा होता, माझा! दीड महिना खपून केला होता, दुकानात कुणाच्या बापाला मोडता आला न्हाई. पर काल दुपारी कायतरी अपडेट आलं, अन् समदं उडालं! रेकॉर्ड गेला, गेमा गेल्या, पुन्हा पहिल्यापासनं सेटिंग करावं लागलं. जीव तळमळून राहिला बघ!”

“अरेरे! म्हणजे अपडेटनंच खाल्ला म्हणायचा,” आदर्शनं हळहळ दाखवली. “काय नाव टाकलं होतं तुम्ही?”

“वजिराबादचा वाघ!”

सुकन्यानं पिशवीत हात घातला. तवा चांगलाच तापला होता, तिनं ओढणीत धरून बाहेर काढला. खडखड वाढत चालली होती. धम्मप्रियाच्या छातीतही तशीच धडधड! बंद पडू नकोस, बाबा, एक मिनिट, फक्त एक मिनिट! आदर्शनं काउंटरवरचा पुठ्ठा उचलून जाळीवर वारा घालत दुसऱ्या हातानं रेसचं पान उघडलं.

“काका, हा तर नव्हे तुमचा रेकॉर्ड?”

बालाजीनं वाकून बघितलं आणि आनंदानं बेभान होऊन ओरडला, “हाव! हाच! हाच माझा रेकॉर्ड! शेठ, बघा बघा, माझा रेकॉर्ड घावला! ह्योच आपला दुकानातला नग! अरे, पर तुमच्याकडं कसा आला हा?”

आणि बोलता बोलता त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

त्याच क्षणी तवा फट्कन बंद पडला. पण आता पडेना का! सगळ्या दुकानानं ऐकलं होतं.

शेठ गल्ल्यावरून उठून आले. धम्मप्रियानं कागदाची पुडी उलगडून त्यांच्यापुढं धरली. “काका, ही तुमची विभूती आणि ही तुमची अक्षता. आमच्या पीसीच्या पोटातून निघाली. आमच्या घरी ही पूजा होत नाही. आणि हा व्हिडिओ बघा. माझ्या भावानं हात लावायच्या आधीच खडखड येतेय.”

शेठनं पुडीकडं बघितलं, आपल्या फोनमधल्या फोटोकडं बघितलं, मग बालाजीकडं बघितलं.

“बाळ्या! काल ह्यांच्या मामाला काय दिलंस तू?”

बालाजी डोकं खाजवू लागला. “शेठ, त्यांला दाखवायला नवा खोका फोडला, अन् नग टेबलावर ठेवला. दोन्ही शेजारी शेजारी. तेवढ्यात कूलरवाली गिऱ्हाइकं आली. गडबडीत हाताला आला तो खोक्यात भरला असंल. म्या मामांला म्हणलो बी, एकदा बघून घ्या. ते फोनवर बोलून राहिले होते. हाताच्या खुणेनंच म्हणले, भर, भर.”

“खरंय,” मागून एक पडेल आवाज आला. दारात अमरनाथमामा उभा होता, केस अजून ओले! शेजारी आई आणि बाबा. “कालपासून सगळ्यांना सांगतोय, बघून घेतलाय, बघून घेतलाय. बघितला तो एक, आणि आणला तो दुसराच.”

कूलर घ्यायला आलेल्या एक आजीबाई इतका वेळ पुडीतला दाणा निरखत होत्या. त्या म्हणाल्या, “पर शेठ, ह्यो तर तुकडा तांदूळ हाय! अक्षतांला अख्खा तांदूळ लागतो. अख्खा असता तर जाळीतून आत गेलाच नसता! देवाच्या कामात बी कणी वापरता व्हय?”

सगळं दुकान खो खो हसलं. शेठनं कपाळाला हात लावला आणि मग तेही हसायला लागले. पण हसता हसता एकदम गंभीर झाले आणि आदर्शसमोर येऊन उभे राहिले.

“लेकरा, सकाळी तुझ्या वडिलांला म्या म्हणलो, पोरानं आपटलाय. न बघता, न उघडता म्हणलो. लई चुकलं माझं. केस पांढरे झाले, पर अक्कल तुम्हा चौघांची मोठी!” आणि त्या भरल्या दुकानात त्यांनी आदर्शपुढं हात जोडले. “बाळ्या, गोदामातला सीलबंद नग आण. अन् ह्या बारीला सील त्यांलाच फोडू दे!”

आदर्श लाजून ताईमागं लपला. पण त्याला तिथूनही कुणीतरी ओढून काढलं. बाबा होते ते. गुडघे टेकून ते त्याच्याएवढे झाले.

“आदर्श, तू सकाळपासून खरं सांगत होतास. मी विचारलं, पण ऐकून घेतलं नाही. चुकलो मी.”

आदर्शनं बाबांच्या गळ्यात हात टाकले. मग हळूच कानात म्हणाला, “मग माझा पेचकस?”

“घरी गेल्या गेल्या!” बाबा हसले. “आणि शेठ, तुमच्या त्या जुन्या तव्यातले उरलेले दाणे काढायचे असतील, तर हा मेकॅनिक उद्या पाठवतो.”

“पर रेकॉर्ड पुसू नको बरं का, राजा!” बालाजीनं काकुळतीला येऊन सांगितलं.

*

मामाची संध्याकाळची गाडी अर्थातच चुकली. चुकली कसली, त्यानंच चुकवली. रात्रीच्या जेवणाला आईनं पुन्हा आमरस केला. आदर्शनं किती वाट्या खाल्ल्या ते विचारू नका, नजर लागेल!

जेवणं झाल्यावर चटई अंथरली गेली. मधे नवा खोका. सुकन्यानं फोन धरला, शिवम प्रकाश टाकायला टॉर्च घेऊन बसला. मामानं स्वतःचा फोन स्वतःहून कपाटावर ठेवला. आणि धम्मप्रिया चक्क मागं जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीशी बांधून!

“ताई, हे काय? व्हिडिओ तुझा आहे ना?”

“आज पहिली नजर तुझी. चल, लवकर! तोपर्यंत मी हात लावणार नाही, बोटं उमटतील.”

आदर्शनं कर्रकन सील फोडलं. आहाहा, काय तो आवाज! “न... नमस्कार मंडळी! मी आदर्श. पहिली गोष्ट म्हणजे हा तवा खरंच जड आहे. पण हातात धरला की बरोबर बसतो. दुसरी गोष्ट...”

खट्! लाईट गेली. कूलर घरघर करत थांबला.

या वेळी मात्र कुणीच ओरडलं नाही. आई, बाबा, मामा, सुकन्या, शिवम, धम्मप्रिया, सगळ्यांनी श्वास रोखून माना पुढे केल्या आणि कान टवकारले. अंधारात फक्त स्क्रीनचा उजेड आणि त्यात आदर्शचं नाक. एक क्षण गेला, दोन गेले. आतल्या पंख्याची हलकीशी सूं सूं तेवढी येत होती. खडखडीचा मागमूस नव्हता!

सगळ्यांत आधी बाबांनीच सुस्कारा सोडला.

“दुसरी गोष्ट काय, आदर्श?” ते म्हणाले. “सांग. आम्ही सगळे ऐकतोय.”